पत्रिकांचा सर्व्हर

दांडिया बाजारातलं वधू-वर सूचक मंडळ चालवणाऱ्या तात्यासाहेबांची अट एकच होती. ती ऐकून मनालीला हसू आलं नाही, यावरूनच ती किती दिवसांत कुणाशी धड बोलली नव्हती ते कळावं. मंडळाच्या पत्रिका कॉम्प्युटरवर चढवायला तात्यासाहेबांची हरकत नव्हती. लोकांनी घरबसल्या मोबाईलवर स्थळं पाहायलाही हरकत नव्हती. फक्त पत्रिका बडोद्याबाहेर जाता कामा नयेत.

मनालीने त्यांना समजावून पाहिलं. हल्ली स्वतःचं यंत्र कुणी बाळगत नाही, मोठ्या कंपन्यांकडे जागा भाड्याने मिळते, तिथे माहिती सुखरूप राहते. तात्यासाहेबांनी विचारलं, तिथे म्हणजे कुठे? तिने मुंबई सांगितलं. मग, एक प्रत सिंगापूरलाही असते, हेही सांगून टाकलं. प्रामाणिकपणा हा तिचा जुना दोष होता आणि तो नको तिथेच उफाळून येई.

तात्यासाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि मागच्या लोखंडी कपाटावर हात ठेवला. "चव्वेचाळीस वर्षं या पत्रिका इथे आहेत. समोरच्या दुकानातसुद्धा कधी गेल्या नाहीत. आणि आता आमच्या मुलींच्या जन्मवेळा सिंगापूरला धाडू?"

शेवटी ठरलं ते असं: यंत्र मनालीच्या घरी राहील, म्हणजे तात्यासाहेबांना वाटेल तेव्हा रिक्षा करून येऊन बघता येईल. सुरुवातीला राजीखुशीने तयार झालेल्या अकरा घरांच्याच पत्रिका चढवायच्या. घटस्थापनेला सुरू करायचं आणि नऊ दिवस अखंड चालवायचं. चाललं तर मंडळाचं सगळं काम तिचं. मध्ये विझलं तर कपाट बरं आहे. विझलं हा शब्द तात्यासाहेबांचाच. सर्व्हर आणि नंदादीप यांत त्यांच्या मते फरक फक्त तेलाचा होता.

मनालीला हे काम हवं होतं. किती हवं होतं ते ती कुणाला सांगत नसे, कारण सांगायला कुणी नव्हतं. नवरा, दिग्विजय, कच्छकडच्या साइटवर होता आणि एका शनिवाराआड घरी यायचा. दिवसभरात तिचं सर्वांत जास्त बोलणं व्हायचं ते दीड वर्षांच्या कौमुदीशी, आणि कौमुदीला एकंदर चार शब्द येत होते, त्यातला एक 'पंखा'. पुण्यात चार वर्षं मनालीने लोकांच्या वेबसाइट बंद पडू न देण्याची नोकरी केली होती. तेव्हा दिवसातून वीस जण फोन करून तिच्यावर खेकसायचे. आता तिला त्या खेकसण्याचीसुद्धा आठवण यायची.

यंत्र कुठलं घ्यावं हा प्रश्न तिने एकटीने सोडवायचं ठरवलं होतं, पण समोरच्या फ्लॅटमधले पिलाजीराव रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्त सिग्नलवाल्याच्या समोर राहून एकटीने काही ठरवता येत नाही. त्यांनी दारातूनच तिच्या हातातला कागद वाचला, मग आत येऊन बसून वाचला, आणि म्हणाले की यादी चुकीच्या टोकाकडून केली आहे. यंत्र किती वेगाने चालतं हे पाहायचं नसतं. ते कसं बंद पडेल हे आधी पाहायचं.

"सूनबाई, छत्तीस वर्षांत एक गोष्ट शिकलो. जे एकटं असतं ते बंद पडतंच. आज की उद्या, एवढाच प्रश्न."

मग दोघांनी मिळून एकट्या वस्तूंची यादी केली. डिस्क एकच, तर ती जाणार. म्हणून दोन, आणि दोन्हींवर तेच लिहिलेलं, म्हणजे एक गेली तरी दुसरी आहे. वीज घेणारा भाग एकच, म्हणून तोही दोन, वेगवेगळ्या प्लगांवर, आणि वीज गेलीच तर त्यातल्या एकाला बॅटरीचा डबा. इंटरनेटची लाईन दोन कंपन्यांची. मेमरी अशी, की आकडा चुकला तर स्वतःच दुरुस्त करील. पिलाजीराव गेल्यावर मनालीने यादीच्या तळाशी 'मी' असं लिहिलं आणि खोडून टाकलं.

अशी वस्तू हार्दिकच्या दुकानात नव्हती. हार्दिकचं दुकान एका कॉम्प्लेक्सच्या तळघरात होतं आणि तिथे जो कॉम्प्युटर मागाल तो तासाभरात जोडून मिळे. त्याने मनालीची यादी आदराने वाचली आणि काचेच्या बाजूचा, आतून जांभळे दिवे लावलेला एक डबा पुढे केला. यात डिस्क एक, प्लग एक, पण दिवे सोळा. मनालीने चूक दुरुस्त करणाऱ्या मेमरीबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बेन, आमां भूलज नई पडे." म्हणजे यात चूकच होत नाही. एवढा आत्मविश्वास मनालीने फक्त सासरच्या नातेवाइकांत पाहिला होता. ती निघाली तेव्हा मात्र त्याला दया आली असावी. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याने आपलं सगळं काम भाड्याच्या जागेत हलवलंय आणि त्यांचा जुना सर्व्हर स्टोअरमध्ये पडलाय, असं त्याने चिठ्ठीवर लिहून दिलं. ज्या भाड्याच्या जागेत तात्यासाहेब जायला तयार नव्हते, तिथे तो कारखाना गेला होता, आणि त्याचं टाकलेलं आता मनाली उचलणार होती. जगात काहीही वाया जात नाही, ते असं.

सर्व्हर टेम्पोतून आला. कागदावर त्याची मापं दिलेली होती आणि मनालीने ती वाचलीही होती. पण कारखान्यातल्या मापांचा घरात आल्यावर काय आकार होतो हे कागद सांगत नाही. दोन हमालांनी तो पलंगासारखा आडवा धरून वर आणला. तो टेबलावर बसेना, कपाटात जाईना. अखेर पॅसेजमध्ये, कौमुदीच्या पॉटीशेजारी, दोन पाटांवर त्याची स्थापना झाली. मनालीने दोन्ही प्लग लावले, बटण दाबलं, आणि आतल्या सहाही पंख्यांनी एकदम असा आवाज काढला की कौमुदी तिच्या कमरेला मिठी मारून आपल्या चार शब्दांतला बरोबर शब्द ओरडली.

मिनिटभराने आवाज उतरला, पण थांबला नाही. तो थांबायचा नव्हताच.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या जशोदाबेन डबा घेऊन आल्या. डब्यात बाजरी होती. आवाजावरून त्यांची खात्री झाली होती की मनालीने मोठी घरघंटी घेतली आहे. घरात दळण काढणारी गिरणी इथे घरोघरी असते, पण एवढ्या ताकदीची त्यांनी ऐकली नव्हती. बाजरी पण दळते के, असं त्यांनी प्रेमाने विचारलं.

या घरात आठ महिन्यांत आपणहून आलेली ही पहिली बाई. मनालीने त्यांना बसवलं. चहा केला. जशोदाबेनच्या सुनेचं बाळंतपण ऐकलं, त्यांच्या गुडघ्याचं ऐकलं, पाणी कुठल्या वेळेला जोरात येतं ते ऐकलं. हे दळणाचं यंत्र नाही, हे वाक्य तिच्या ओठांवर तीनदा आलं आणि तीनदा तिने त्यावर चहा ओतला. पाऊण तासाने सांगावंच लागलं. जशोदाबेन रागावल्या नाहीत. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि विचारलं, मग हे दिवसभर करतं काय? मनालीने सांगितलं की ते वाट बघतं. कुणी काही विचारलं की उत्तर देतं, एरवी चालू राहून वाट बघतं. जशोदाबेननी यंत्राकडे आणि मग तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, आवजो, आणि गेल्या.

यानंतर इंटरनेट कंपनीचा फॉर्म. सर्व्हरला कायमचा पत्ता लागतो, आणि कंपनी तो व्यवसायाच्याच कनेक्शनवर देत होती. फॉर्मवर फर्मचं नाव हवं होतं, हुद्दा हवा होता, ऑफिसचा फोटो हवा होता. हुद्द्याच्या चौकटीत 'गृहिणी' लिहिलं तर फॉर्म लाल व्हायचा. 'संचालक' लिहिलं तर पुढे जायचा. मनाली तीन मिनिटं संकोचली आणि संचालक झाली. तपासणीला आलेल्या माणसाने साहेब आहेत का म्हणून विचारलं. साहेब मीच, असं तिने सांगितलं, पण खांद्यावर भाताचं शीत असताना हे वाक्य म्हणावं तसं उठत नाही. त्याने ऑफिस कुठे म्हणून विचारलं, तिने पॅसेज दाखवला. फोटोत सर्व्हर, पॉटी आणि पॉटीवर बसलेली कौमुदी असे तिघेही आले. कर्मचारी किती, या प्रश्नाला तिने एक म्हटलं. त्याने कौमुदीकडे पाहिलं आणि दयाळूपणे दोन लिहिलं.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी डभोईहून सासूबाई आल्या. विमलताईंच्या घरी नवरात्राचा अखंड दिवा असे आणि यंदा तो सुनेच्या घरी बसवायचा त्यांचा संकल्प होता. मुलगा साइटवर, घरात दीड वर्षाचं पोर, सून एकटी, असं त्या म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या की डभोईला यंदा चांगलं तूप मिळालं नाही. पितळी डबा भरून तूप मात्र त्यांनी बरोबर आणलं होतं.

सकाळी देवघरात दिवा लागला आणि पॅसेजमध्ये अकरा पत्रिका. मग आठ दिवस दोघी बायकांनी आपापली राखण केली. सासूबाई दर दोन तासांनी उठून वात सारायच्या, तूप घालायच्या. मनाली दर दोन तासांनी उठून हिरवा दिवा बघायची, पाठीमागे हात धरून हवा किती गरम येतेय ते बघायची, आणि वहीत खूण करायची. दोघी एकमेकींना फारसं विचारत नसत. संध्याकाळ झाली की सगळी बिल्डिंग नटूनथटून गरब्याला जायची, जिन्यात घुंगरं वाजत खाली उतरायची, आणि मग नुसता पंख्यांचा आवाज उरायचा. मनाली अशा वेळी कोण कोण पत्रिका बघून गेलं त्याची नोंद उघडून बसे. पहिल्या दिवशी सात जण, दुसऱ्या दिवशी तीन. त्यानंतर रोज एक, आणि तो कुणीतरी दुपारी अडीचला यायचा, फक्त आपल्याच मुलीची पत्रिका उघडायचा, वाचायचा आणि जायचा. मनाली त्याची वाट बघू लागली.

पाचव्या दिवशी वीज गेली. पिलाजीराव बनियनवर धावत आले. यंत्र हललंसुद्धा नाही. सातव्या दिवशी एका कंपनीचं इंटरनेट रस्त्याच्या खोदकामात तुटलं, दुसऱ्या कंपनीचं चालू राहिलं. आठव्या दिवशी कौमुदीने एक डिस्क ओढून बाहेर काढली आणि चावून पाहिली. दुसरीने काम चालू ठेवलं. पिलाजीराव म्हणाले की आता याला काही होत नाही. सिग्नल खात्याच्या माणसाने असं बोलायला नको होतं.

नवव्या दिवशी मनाली कौमुदीला न्हाऊ घालून बाहेर आली तेव्हा घरात काहीतरी वेगळं वाटलं. काय ते कळायला थोडा वेळ लागला. शेजारच्या घरातली भांडी ऐकू येत होती.

पॅसेजमध्ये पाटांभोवती रांगोळी काढलेली होती. सर्व्हरवर झेंडूची माळ होती. त्याच्या जाळीदार तोंडावर हळद-कुंकवाची पाच बोटं ओढलेली, वर अक्षता वाहिलेल्या. शेजारी ओळीने विळी, कात्री, अडकित्ता, दिग्विजयचे पाने आणि स्कूटरची किल्ली. सगळ्यांना झेंडूचं एकेक फूल. आज खंडेनवमी होती. घरातली हत्यारं धुऊनपुसून पुजायची, आणि पुजली की त्या दिवशी वापरायची नाहीत.

"आई, हे बंद कसं झालं?" मनालीने विचारलं. आवाज तिचा तिलाच लांबून आला.

विमलताई निरांजन ठेवत म्हणाल्या, "होतच नव्हतं गं. भिंतीवरचं बटण बंद केलं, तरी चालूच. मग तो खालचा डबा ओरडायला लागला, त्याचंही बटण दाबलं. तरी चालूच. एक वायर काढली, तरी ढिम्म. दुसरी काढली तेव्हा कुठे निजलं. फार इमानी यंत्र आहे तुझं."

विजेसाठी, तारेसाठी, डिस्कसाठी आणि कौमुदीसाठी तजवीज केलेली होती. भक्तिभावाने एकेक करून सगळं बंद करणाऱ्या माणसासाठी जगातल्या कुठल्याच सर्व्हरमध्ये तजवीज नसते.

"पण दिवा तर चालू आहे ना तुमचा," मनाली म्हणाली, आणि मग तिला रडू आलं. तिने ते कौमुदीच्या टॉवेलमध्ये पुसलं.

विमलताई गोंधळून गेल्या. "दिवा देवाचा गं. हे तुझं हत्यार. तुझ्या मामंजींच्या लेथला मी चाळीस वर्षं आजच्या दिवशी हार घातला. तुझ्या कामाला नको घालू?"

या घरात कुणीही आजवर त्याला मनालीचं काम म्हटलं नव्हतं. दिग्विजय त्याला 'तुझा तो डबा' म्हणायचा, प्रेमाने. मनालीला आता रागावता येईना आणि रडणं थांबवता येईना, आणि दोन्ही एकदम करायची सवय नसल्यामुळे ती खाली बसली आणि भुवयांच्या चिमट्याने जाळीतल्या अक्षता वेचू लागली.

पिलाजीराव आले. त्यांनी परिस्थिती पाहिली, विमलताईंना वाकून नमस्कार केला, आणि मागच्या बाजूने काही आत गेलं आहे का ते बघायला यंत्रामागे जाऊन वाकले. मनालीने विमलताईंची परवानगी घेऊन प्लग लावले आणि बटण दाबलं. सर्व्हरची हवा पुढून आत जाते आणि मागून बाहेर येते, हे पिलाजीरावांना माहीत होतं. पण माहीत असणं आणि वेळेवर आठवणं या निराळ्या गोष्टी आहेत. सहाही पंखे पूर्ण जोराने फिरले आणि सगळं हळद-कुंकू त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उमटलं. ते सरळ उभे राहिले तेव्हा एखाद्या लग्नघरातून फार आग्रह होऊन आल्यासारखे दिसत होते. कौमुदी टाळ्या वाजवू लागली.

यंत्र चालू झालं. अकराही पत्रिका जागच्या जागी होत्या. मधली पन्नास मिनिटं मात्र नव्हती. त्या वेळात कुणी येऊन गेलं असेल तर कळायला मार्ग नव्हता. बंद दारावर कोण टकटक करून गेलं, हे दार लिहून ठेवत नाही.

मनालीने दिग्विजयला फोन केला. तो आधी खूप हसला, मग म्हणाला की तात्यासाहेबांना सांगायची गरज नाही. "कुणाला कळलंय का?"

तेच तर होतं. कुणाला कळलं नव्हतं. एक फोन नाही, एक मेसेज नाही. आठ दिवस ती ज्याच्यासाठी दोन दोन तासांनी उठत होती, ते बंद पडलं आणि बडोद्यातल्या एकाही माणसाचं काही अडलं नाही. पिलाजीरावही डोळ्यांतलं कुंकू पुसत म्हणाले की रजिस्टरमध्ये नोंद नसेल तर घटना घडलेली नसते, खात्याचा नियम आहे. विमलताई देवघरात जाऊन वात सारू लागल्या, जरुरी नसताना.

मनालीने फोन उचलला, ठेवला, कौमुदीला भात भरवला, पुन्हा उचलला. तात्यासाहेबांना तिने सगळं सांगितलं. बटणं, वायरी, झेंडूची माळ. पन्नास मिनिटं, हेही सांगितलं.

"तुम्हाला कुणी विचारलं होतं?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग सांगितलंत कशाला?"

तिने खरं होतं म्हणून, असं काहीतरी पुटपुटलं.

तात्यासाहेब आवाज उतरवून म्हणाले, "सहा वर्षांपूर्वी आमच्या कपाटाची किल्ली हरवली होती. तीन आठवडे कपाट उघडलं नाही. येणाऱ्या प्रत्येक बापाला मी गुरुबळ नाही म्हणून परत पाठवलं. आजवर कुणाला बोललो नाही. तुम्हीही बोलू नका." मग घसा साफ करून मूळच्या आवाजात म्हणाले, "आज खंडेनवमी. आज कामाचं बोलणं नाही. आमचं कपाटही पूजेत आहे." आणि फोन ठेवला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी विमलताई तुपाचा रिकामा डबा घेऊन डभोईच्या बसमध्ये बसल्या. दिवा शांत झाला होता. मनाली परतली, कुलूप उघडलं, आणि घरात सहा पंख्यांखेरीज कुणी नव्हतं. तीन वाजता घंटी वाजली. दारात तात्यासाहेब होते. काखेत लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा.

मंडळाच्या एकूण अकराशे पत्रिका होत्या, या गठ्ठ्यात पहिल्या पन्नास. त्या कपाटाबाहेर रात्र काढणार नाहीत, ही नवी अट. म्हणून रोज तीनला ते स्वतः पन्नासेक घेऊन येतील, समोर बसून वाचतील, मनालीने टाईप करायच्या, पाचला ते परत घेऊन जातील. त्यांनी पॅसेजमध्ये खुर्ची ओढली, कौमुदीला पत्रिकांपासून वीतभर दूर बसवलं, आणि पंख्यांच्या वर आवाज चढवून पहिल्या मुलाचं नक्षत्र वाचलं. मुलाच्या पगाराशी आल्यावर त्यांनी सवयीने आवाज खाली आणला. तो पंख्यांनी गिळला. ते पुन्हा वाचू लागले. मग मुलाच्या आत्याबद्दल, जी मंडळाच्या दप्तरात नव्हती, बरंच काही सांगितलं. दोन तासांत चौदा पत्रिका झाल्या.

मनालीने मनात अंदाज केला. या गतीने संक्रांत यायची. तात्यासाहेबांच्या समोरच बसून प्रत्येक कागदाचा मोबाईलने फोटो घेतला असता तर गठ्ठे दोन दुपारींत आटोपले असते आणि बाकीचं टायपिंग तिने एकटीने आठवड्यात उरकलं असतं. हे तिला पहिल्या पत्रिकेलाच सुचलं होतं. तिने चहाचं आधण ठेवलं, परत येऊन बसली, आणि म्हणाली, "तात्यासाहेब, त्या आत्याचं काय झालं पुढे? घाई नाही."